मुलकी कोंबड्या

क्रिस्तियान आयकमन हे डच लष्करी डॉक्टर १८८३ साली जावाला गेले आणि हिवतापाने खंगून दोन वर्षांत परतले. तिकडे बेरीबेरीने माणसे लुळी पडून मरत होती. तिचा जंतू शोधायला १८८६ मध्ये ते पुन्हा निघाले.

बटाव्हियाच्या प्रयोगशाळेत त्यांनी कोंबड्या पाळल्या. त्या लटपटू लागल्या, पाय गळाले. टोचलेल्या कोंबड्यांचे आणि न टोचलेल्यांचेही! मग काही महिन्यांनी सगळे दुखणे आपोआप थांबले. चौकशीत उलगडा झाला. त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढराशुभ्र भात मिळत असे. नवा आचारी आला आणि लष्करी भात मुलकी कोंबड्यांना द्यायला त्याने साफ नकार दिला. (असले नियमबाज आम्ही बँकेत पुष्कळ पाहिले, त्यांच्यामुळे कुणी बरे झालेले मात्र ऐकले नाही.) बिनसडीच्या स्वस्त तांदळावर कोंबड्या सावरल्या.

भातात विष आणि कोंड्यात उतारा, असा आयकमन यांचा समज झाला. तो चुकीचा होता. कोंड्याबरोबर जाते ते ब-१ जीवनसत्त्व, आणि त्यावाचून नसा निकामी होतात. आहारातच काही उणे पडते, हे त्यांच्यामागून आलेल्या ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये मांडले.

१९२९ चे नोबेल घ्यायला जाण्याइतकीही ताकद आयकमन यांच्यात उरली नव्हती. पुढल्याच वर्षी ते वारले.