पाचगणीचा बकी

परवा बिरड्याचे वाल सोलत बसले होते. भाचीने मोबाइल पुढ्यात धरला. दहा-बारा जण काळ्या कपड्यांत अर्धगोलात बसलेले, कुणाच्या हातात व्हायोलिन, कुणाच्या गुडघ्यांत ते मोठ्ठं चेलो. गिटार नाही, ड्रम नाही, गाणारा तर नाहीच. पण सूर असे काही चढत गेले की माझे हात थांबले. भाची म्हणाली, हे रॉक गाणं आहे आणि ज्याने केलं तो आपल्या पाचगणीत शिकलाय.

पाचगणीत? आमच्या महिला मंडळाची सहल तीनदा गेली तिथे. टेबललँड पाहिलं, स्ट्रॉबेरी क्रीम खाल्लं, पण हे कोणी सांगितलं नाही बाई!

तो फ्रेडी मर्क्युरी. खरं नाव फारोख बुलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावर. घराणं पारशी, मूळचं आपल्या शेजारच्या वलसाडकडचं, म्हणून बुलसारा. वडील बोमी सरकारी नोकरीत रोखपाल. मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून आठ वर्षांच्या लेकराला त्यांनी बोटीत बसवून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. आई जेरबाईंचा जीव काय झाला असेल! माझा मुलगा कॉलेजसाठी पुण्याला गेला तेव्हा मी पनवेल स्टँडवर पदर डोळ्याला लावला होता, आणि पुणं ते काय, एक्सप्रेसवेने दोन तासांवर. इथे मधे अख्खा समुद्र. छोट्या सुट्ट्यांत तो मुंबईला नातेवाइकांकडे राहायचा.

त्याला मागच्या बाजूला चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे बाहेर आलेले. पोरं ‘बकी’ म्हणून चिडवायची. (पुढे पैसा आला तरी त्याने दात नीट करून घेतले नाहीत, आवाज बदलेल ही धास्ती.) पण पियानोवर बसला की चिडवणारेही गप्प. शाळेच्या लक्षात आलं, घरी कळवलं गेलं, शिकवणी लागली. बाराव्या वर्षी मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. फ्रेडी हे नावही शाळेतलंच.

१९६४ मध्ये झांजिबारला क्रांती झाली, रक्तपात झाला. बुलसारा कुटुंब होतं तसं निघालं ते लंडनजवळ फेल्टमला. तिथे पोराने चित्रकलेचं शिक्षण घेतलं, विमानतळावर सामान उचललं, बाजारात जुने कपडे विकले. १९७० मध्ये ‘क्वीन’ बँड उभा राहिला.

१९७५चं ‘बोहेमियन रॅप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटांचं. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, असं जाणकारांचं मत. ते नऊ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं! त्यातला ऑपेराचा भाग ऐकताना वाटतं मोठा समूह गातोय, पण ते तिघंच जण, आपलेच आवाज एकावर एक चढवलेले. म्हणूनच ते व्हायोलिन-चेलोवर इतकं शोभतं, एकेका वाद्याला एकेक आवाज वाटून देता येतो. २००२ मध्ये लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने क्वीनच्या गाण्यांवर रचलेली अख्खी सिम्फनी वाजवली. फ्रेडीला स्वतःलाही त्या संगीताची ओढ होती. १९८८ मध्ये स्पेनच्या ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्याबरोबर त्याने ‘बार्सिलोना’ हा अल्बम केला. त्यातली बरीचशी साथ कीबोर्डवरची होती. २०१२ मध्ये ती काढून तिथे खरा ऑर्केस्ट्रा घातला. पण तो ऐकायला फ्रेडी नव्हता.

१९८५ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी वेम्बली स्टेडियमवर कार्यक्रम झाला. जेमतेम वीस मिनिटं त्याच्या वाट्याला, समोर ७२ हजार माणसं. लोक अजून त्या वीस मिनिटांबद्दल बोलतात. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, त्याला एड्सचं निदान झालं.

त्याचं प्रेम पुरुषांवरही होतं, हे आपल्या पानावर लिहायला संकोच कशाला? शेवटची वर्षं जोडीदार जिम हटन त्याच्यासोबत होता. आणि जिच्याशी एके काळी लग्न ठरलं होतं त्या मेरी ऑस्टिनच्या नावे त्याने आपलं घर ठेवलं. वर्तमानपत्रवाले दाराशी टपलेले, तो मात्र अंगात त्राण नसतानाही स्टुडिओत गात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ला आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. आजार आवाक्यात ठेवणारी एकत्रित औषधं त्यानंतर पाच वर्षांनी, १९९६ मध्ये आली.

इथे मला आमच्या कामातली एक बाई आठवते. कळंबोलीच्या स्टील मार्केटच्या बाजूला खोली. नवरा ट्रकवर होता, तो आजार घेऊन आला आणि तिला देऊन गेला. सासरच्यांनी तिचं ताट-वाटी वेगळी केली, अंघोळीची बादलीसुद्धा. सरकारी रुग्णालयात ही औषधं २००४ पासून फुकट मिळतात. ती नेमाने घेते, धडधाकट आहे, चार घरची पोळ्यांची कामं करते. पण गोळ्यांची डबी अजून तांदळाच्या डब्यात लपवते.

ती काल रेशनकार्डाचा अर्ज भरायला आली. मी तिला मोबाइलवर ते वाजवणं ऐकवलं आणि फ्रेडीची गोष्ट सांगितली. झांजिबार, लंडन याचं तिला काही नव्हतं. तिने एवढंच विचारलं, शेवटी त्याच्याजवळ कोणी होतं का. म्हटलं, होतं. घरात त्याची माणसं होती.

मग म्हणाली, परत लावा ना. आम्ही दोघींनी पुन्हा ऐकलं. अर्ज तसाच राहिला.