डिझेल नावाचा माणूस

पेट्रोल पंपावर दिवसभरात शेकडो वेळा उच्चारला जाणारा 'डिझेल' हा शब्द मुळात एका माणसाचे आडनाव आहे, याची जाणीव आपल्यापैकी फार थोड्यांना असते. इंधनाच्या वासात आणि इंजिनाच्या धडधडीत हा माणूस असा काही विरघळून गेला, की त्याच्या वाट्याला आलेले यश जगाला दिसते, पण त्या यशाने त्याच्याकडून वसूल केलेली किंमत मात्र कुणाच्या गावी नाही.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील मूळचे जर्मनीतील बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवत. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. पण परिस्थिती इतकी ओढगस्तीची होती, की बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्ग येथे गणिताचे शिक्षक असलेल्या नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. तिथेच त्याने अभियंता होण्याचे ठरविले. शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिचच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला. विषमज्वरामुळे अंतिम परीक्षा लांबली. पण १८८० मध्ये त्याने ती अत्युच्च गुणांनी पार केली.

म्युनिचमध्ये शीतकरण तंत्राचे प्रणेते कार्ल फॉन लिंडे हे त्याचे प्राध्यापक होते. वाफेच्या इंजिनात जाळलेल्या कोळशातील जेमतेम दहा टक्के उष्णताच प्रत्यक्ष कामी येते, बाकीची वाया जाते, हे त्यांच्या व्याख्यानांतून समजल्यावर या तरुणाला स्वस्थ बसवेना. लिंडे यांच्याच बर्फनिर्मितीच्या व्यवसायात नोकरी करीत असतानाही हा विचार त्याच्या मनातून गेला नाही.

त्याने शोधलेला मार्ग वरवर साधा होता. सायकलच्या पंपात हवा दाबली, की पंप गरम होतो. तीच हवा सिलिंडरमध्ये मूळ आकारमानाच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शात कोंबली, तर ती इतकी तापते, की तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचून आपोआप पेट घेते. फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ते मंजूर झाले. ऑग्सबर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप या बड्या उद्योगांनी पाठबळ दिले.

मात्र कागदावरचे इंजिन आणि लोखंडाचे इंजिन यांत अंतर असते! १० ऑगस्ट १८९३ रोजीच्या पहिल्या चाचणीत सिलिंडरमधला दाब इतका चढला, की दाब मोजणाऱ्या उपकरणाचाच स्फोट झाला. पण बंदिस्त तापलेल्या हवेत इंधन पेटते, हे सिद्ध झाले होते. त्यानंतरची साडेतीन वर्षे म्हणजे दुरुस्तीची एक अखंड मालिकाच होय. पिस्टनच्या कडेने दाब निसटे. इंधन नीट फवारले जात नसे. थंडाव्याची गरज नाही, हा मूळ सिद्धान्त सोडून सिलिंडरभोवती पाणी खेळवावे लागले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर सुमारे एक मिनिट चालले. बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्रा. मॉरित्झ श्रोटर यांनी घेतलेल्या अधिकृत चाचणीत त्याने २६.२ टक्के कार्यक्षमता दाखविली. वाफेच्या इंजिनांना तो मोठाच धक्का होता.

परवान्यांसाठी देशोदेशीच्या उद्योजकांची रीघ लागली. अमेरिकेतील हक्कांसाठी ॲडॉल्फस बुश या मद्यनिर्मात्याने दहा लाख मार्क मोजले. रुडॉल्फ लक्षाधीश झाला. परंतु शोकांतिकेची बीजेही इथेच पडली. प्रयोगशाळेत निष्णात अभियंत्यांच्या देखरेखीखाली चालणारे यंत्र सामान्य कामगाराच्या हाती सोपविण्याइतके पक्के झालेले नव्हते. १८९८ मध्ये केम्प्टन येथील काडेपेटी कारखान्यात बसविलेले इंजिन वारंवार बंद पडू लागले. अन्यत्रही तक्रारींचा पाऊस पडला. यंत्र तयार होण्याआधीच त्याची कीर्ती तयार झाली होती, आणि प्रत्येक बिघाडाचे खापर त्याच्याच नावावर फुटत होते. त्याच वर्षी मानसिक थकव्याने ग्रासलेल्या रुडॉल्फला आरोग्यधामात दाखल व्हावे लागले.

पुढे इतर अभियंत्यांनी धीराने दोष दूर केले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात याच तत्त्वावरील एक इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखविण्यात आले. १९१२ मध्ये 'सेलांडिया' हे डिझेल इंजिनावरचे मोठे जहाज सागरसफरीवर निघाले. इंजिन सावरले, निर्माता मात्र सावरला नाही. जमिनींचे व्यवहार, शेअर बाजार आणि म्युनिचमधील आलिशान बंगला यांनी संपत्ती गिळली. १९१३ मध्ये तर त्याच्या श्रेयावरच प्रश्नचिन्ह उभे करणारे पुस्तक जर्मनीत प्रसिद्ध झाले.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी संध्याकाळी तो अँटवर्प येथून 'ड्रेस्डेन' या बोटीने इंग्लंडला निघाला. रात्रीचे जेवण झाले, सकाळी उठविण्याची सूचना देऊन तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहाजवळच्या वस्तू मुलाने ओळखल्या. घातपाताच्या अफवा बऱ्याच उठल्या. पण कर्जाचा डोंगर पाहता बहुतेक अभ्यासकांचा कल आत्महत्येकडे आहे.

त्याच्या इंजिनाला शेताची वाट त्याच्या मृत्यूनंतर सापडली. इंधन फवारण्यासाठी मूळ इंजिनाला दाबाखालील हवेचा अवजड कॉम्प्रेसर लागे. तो काढून टाकणारे छोटे, काटेकोर फवारणी पंप रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागले आणि डिझेल इंजिन ट्रॅक्टरवर सहज बसू शकले. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि महाराष्ट्राच्या विहिरींवर हीच धडधड घुमू लागली.

आज छोटा ट्रॅक्टर अडला, की जाणता मिस्त्री सरसकट इंजिन खोलत नाही. इंधनाच्या नळीत हवा शिरली असेल, तर तो पंपाजवळचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ती काढतो, कारण हवा दबते आणि नोझलपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. मग तो धूर पाहतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त. आधी एअर फिल्टर साफ करावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. बहुधा रिंगा झिजल्या. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर इंधन न जळताच बाहेर पडते आहे. दाब कमी असेल किंवा नोझल बिघडले असेल. हवा, दाब आणि फवारा या तीन गोष्टींचाच हा सारा तपास. ऑग्सबर्गच्या कारखान्यात एका हट्टी तरुणाने साडेतीन वर्षे ज्या कोड्याशी झुंज दिली, ते नेमके हेच होते. त्याची उत्तरे आता खेड्यापाड्यांतील मिस्त्र्यांना तोंडपाठ आहेत. ज्याचे नाव रोज घेतले जाते, त्याला स्वतःचा बिघाड मात्र अखेरपर्यंत दुरुस्त करता आला नाही.