उष्णतेचा हिशेब मांडणारा डॉक्टर

मीठ कमी करा म्हटले की रक्तदाबाचे काही रुग्ण दुकानातून ‘लो सोडियम’ मीठ आणतात. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. मूत्रपिंडे अधू असलेल्या माणसाच्या रक्तात हे पोटॅशियम साठले, तर हृदयाचे ठोके बिघडतात. आणि हे दोन्ही क्षार दिसायला अगदी सारखे, पांढरेशुभ्र. नुसत्या डोळ्यांना त्यांच्यातला फरक कळत नाही; थर्मामीटरला कळतो. या उष्णतेच्या हिशेबाला पाया घालून देणारा माणूस शिक्षणाने डॉक्टर होता, हे मला फार उशिरा समजले.

जर्मेन हेन्री हेस यांचा जन्म १८०२ मध्ये जिनिव्हात झाला. वडील चित्रकार. त्यांना रशियातल्या एका श्रीमंत घरी शिकवणीचे काम मिळाले आणि मुलगा तिकडेच वाढला. डॉर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू, येथे त्यांनी वैद्यक शिकून १८२५ मध्ये पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता रशियातील खनिज पाण्याचे घटक आणि त्याचे औषधी गुण. पुढे थोडे दिवस स्टॉकहोमला बर्झेलियस यांच्याकडे राहून ते परतले आणि सैबेरियातील इर्कुत्स्कला डॉक्टरकी करू लागले. रुग्ण तपासता तपासता तिथल्या पाण्याचे आणि क्षारांचे पृथक्करणही चाललेच होते. १८२८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली आणि वैद्यकी सुटली. त्यांचे रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक रशियात अनेक वर्षे चालले.

मुख्य काम १८४० चे. सल्फ्युरिक आम्लात पाणी घातले की ते तापते. हेस यांनी आम्ल कमी-अधिक पाण्याने आधी पातळ केले आणि मग अमोनियाने त्याचे उदासिनीकरण केले. पातळ करताना जितकी उष्णता निघून गेली, तितकी पुढच्या टप्प्यात कमी निघाली. बेरीज दर वेळी जवळपास तीच. क्रिया एका पायरीत करा की चार पायऱ्यांत, सुरुवात आणि शेवट तोच असेल तर एकूण उष्णता बदलत नाही. अकरावी-बारावीत आपण घोकलेला हेसचा नियम तो हाच. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सिद्धांत तेव्हा अजून मांडला गेला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या माणसाची झेप कळते.

बेरीज ठरलेली असते म्हणून तिचे तक्ते करता येतात, आणि तक्ता असला की अनोळखी क्षार ओळखता येतो. थर्मोकोलच्या पेल्यात १०० ग्रॅम पाणी घ्यावे, ५ ग्रॅम क्षार विरघळवावा आणि तापमान पाहावे. साध्या मिठाने ते जेमतेम पाऊण अंश सेल्सिअस उतरते, पोटॅशियम क्लोराइडने सुमारे अडीच अंश. निर्जल कॅल्शियम क्लोराइडने उलट आठेक अंश चढते. मात्र पद्धत सर्वज्ञ नाही. पोटॅशियम नायट्रेट आणि अमोनियम नायट्रेट यांची घट इतकी जवळ आहे की थर्मामीटर तिथे हात टेकतो. मग कॉस्टिक सोडा घालून गरम करावे आणि अमोनियाचा वास येतो का ते पाहावे. बाजारचे मीठ तर मिश्रणच असते. त्यामुळे घरी प्रयोग करत बसू नका, पाकिटावरचा मजकूर वाचा आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते आणण्याआधी डॉक्टरांना विचारा.

१८४२ मध्ये हेस यांना आणखी एक गोष्ट दिसली. दोन उदासीन क्षारांची द्रावणे एकमेकांत मिसळली आणि साका बसला नाही, तर तापमान जवळपास हलतच नाही. खरे तर क्षारांची अदलाबदल व्हायला हवी, मग उष्णता कुठे गेली? याचे कारण त्यांना सापडले नाही. प्रकृती ढासळल्याने १८४८ मध्ये ते निवृत्त झाले आणि १८५० मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, वारले. क्षार पाण्यात पडताच त्याचे आयन सुटे होतात, त्यामुळे मिसळल्यावर नवे काही घडतच नाही, हा उलगडा स्वीडनच्या अऱ्हेनिअस यांच्या सिद्धांताने झाला. साल होते १८८७.