जेम्स चॅडविक

सर जेम्स चॅडविक (२० ऑक्टोबर १८९१ – २४ जुलै १९७४) हे न्यूट्रॉनचा शोध लावणारे इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ होते. रदरफर्ड यांचे हे शिष्य बर्लिनमध्ये असताना पहिले महायुद्ध पेटले व त्यांना रूहलेबेनच्या छावणीत स्थानबद्ध व्हावे लागले. तेथेही किरणोत्सारी टूथपेस्ट मिळवून त्यांनी प्रयोग केले!

बेरिलियमवर अल्फा कणांचा मारा केल्यास निघणारे प्रारण पॅराफिनमधून प्रोटॉन उडवते. जोलिओ-क्यूरी दांपत्याने ते गॅमा किरण मानले; चॅडविक यांनी १९३२ मध्ये केंब्रिज येथे ते प्रोटॉनएवढ्या वस्तुमानाचे, विद्युतभाररहित कण असल्याचे दाखविले. हेलियमच्या केंद्रकाचे वस्तुमान चार प्रोटॉनांएवढे, भार मात्र दोहोंचाच, हे कोडे त्यामुळे सुटले. १९३५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे याच कणाने युरेनियम दुभंगते असे आढळले. अणुबाँब अटळ आहे हे १९४१ मध्ये उमगल्यावर चॅडविक यांना झोपेच्या गोळ्या घ्याव्या लागल्या.