सोनं दिसलं, पण लाभलं नाही!

कॅलिफोर्नियाच्या गोल्ड रशबद्दल आपण ऐकलेलं असतं. पण ते पहिलं सोनं ज्याला दिसलं, त्या जेम्स मार्शलचं पुढे काय झालं?

१८१० मध्ये न्यू जर्सीत जन्मलेला मार्शल सुतार होता. नशीब काढायला तो पश्चिमेला निघाला आणि १८४५ मध्ये कॅलिफोर्नियात पोचला. तिथे जॉन सटर या जमीनदारासाठी त्याने कोलोमाला नदीकाठी लाकूड कापायची गिरणी बांधायला घेतली. २४ जानेवारी १८४८ ला गिरणीच्या चरात काहीतरी चमकलं. ठोकून पाहिलं तर तुटेना, नुसतं चपटं झालं. सोनंच की!

सटरला बातमी दाबायची होती. पण असली बातमी दबते होय? काही वर्षांत सुमारे ३ लाख लोक येऊन धडकले. मूळच्या निसेनान लोकांची जमीन गेली, अनेकांचे जीवही गेले. सटर-मार्शलचा जागेवरचा हक्क सरकारने मानला नाही. मार्शलने द्राक्षमळा लावला, खाणीत पैसे घातले, पण सगळं बुडालं. १८७२ मध्ये मिळालेली पेन्शनही १८७८ मध्ये बंद झाली. १८८५ मध्ये तो कफल्लक अवस्थेतच गेला. आणि पाचच वर्षांत, १८९० ला, त्याचा पुतळा उभा राहिला!

आज कोलोमात सरकारी उद्यान आहे. तिथे ठरवून दिलेल्या काठावर हौस म्हणून कुणीही सोनं शोधू शकतं. अट एवढीच, फक्त हात आणि परात वापरायची. फावडंसुद्धा चालत नाही. ज्या नदीवर मार्शलला हक्क मिळाला नाही, तिचा काठ आता सगळ्यांना खुला आहे.