गुरु गोविंदसिंह, त्यांचा कंगवा आणि बिदरचे साहिबचंद

गोदावरीच्या काठी नांदेडास वाढलेल्या आमच्या बालवाचकांस शीख बांधवांची पगडी नवीन नाही. परंतु लातुराकडून प्रथमच येथे आलेला एखादा मुलगा हे लोक केस का कापीत नाहीत, असे हटकून विचारतो. त्याचे उत्तर ज्या थोर पुरुषाच्या चरित्रात आहे त्याचा देह नांदेडासच विसावला. म्हणून ते चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

गुरु गोविंदसिंह यांचा जन्म १६६६ साली पाटणा येथे झाला. त्यांचे पिता गुरु तेगबहादुर हे शिखांचे नववे गुरु होत. १६७५ साली औरंगजेबाच्या आज्ञेने दिल्लीस त्यांचा शिरच्छेद झाला, आणि नऊ वर्षांच्या बालकावर गुरुपदाचा भार येऊन पडला. या बालकाने फारसी, संस्कृत व व्रज भाषांचा अभ्यास केला, तसाच धनुष्यबाणाचाही केला.

१६९९ च्या वैशाखीस आनंदपूर येथे भरलेल्या मेळ्यात त्यांनी उपसलेली तलवार हाती घेऊन एका शिष्याचे मस्तक मागितले. सभा स्तब्ध झाली. मग एकामागून एक असे पाच जण उठले. परंपरा सांगते की, त्यांपैकी एक लाहोरचा खत्री, दुसरा हस्तिनापूरचा जाट, तिसरा द्वारकेचा कापड छापणारा, चौथा जगन्नाथपुरीचा पाणी वाहणारा, आणि पाचवे बिदरचे साहिबचंद, जातीने नाभिक. बिदर म्हणजे आपल्या उदगिराच्या पलीकडचेच गाव! गुरूंनी त्या पाचांस खालसाची दीक्षा दिली आणि पुढे त्यांच्याच हातून स्वतःही दीक्षा घेतली. खालसाच्या पाच खुणांत केस ही एक आणि लाकडी कंगवा ही दुसरी.

ज्यांच्या घराण्याची भाकरी वस्तऱ्यावर चालत आली, त्यांनी स्वतःच्या केसांस वस्तरा न लावण्याचे व्रत घ्यावे, ही गोष्ट आम्हांस त्या उपसलेल्या तलवारीहूनही अधिक विचार करावयास लावते.

केसांसोबत कंगवा का, हेही समजून घेण्याजोगे आहे. संसार सोडलेले बैरागी जटा वाढवितात. शिखाने मात्र संसारात राहून केस रोज विंचरावे, धुवावे व नीट बांधावे, असा त्याचा अर्थ लावतात. हा धर्माचा नेम आहे, केस वाढविण्याचा उपाय नव्हे. तरीपण आपल्या मुलुखातील पालकांनी येथे क्षणभर थांबावे. पुष्कळ दिवस न विंचरलेल्या केसांत गुंता होऊन जट बनते. तिला देवीची खूण मानून मुलीच्या डोक्यावर वर्षानुवर्षे ओझे वागविणारी घरे आपल्याकडे आहेत. त्या जटेत गुंतलेल्या केसांवाचून दुसरे काही नसते.

उलट, कंगव्यात चार केस आले की टक्कल पडणार म्हणून घाबरणारे विद्यार्थीही आम्ही पाहतो. माणसाच्या डोक्यावर सुमारे १,००,००० केस असतात. एकेक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग काही महिने विसावा घेऊन गळतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. म्हणून दिवसाकाठी पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक होय. विषमज्वरासारख्या मोठ्या दुखण्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पुंजक्यांनी केस जातात. ते बहुधा परत येतात. पोटात डाळ, भाजी, दूध पुरेसे न गेल्यानेही केस विरळ होतात. वेणी असो वा बुचडा, तो रोज ताणून बांधल्यास कपाळावरील केस मागे हटतात. तेव्हा बांधताना सैल हात ठेवावा. डोक्यावर गोल चकत्या पडू लागल्या, म्हणजे चाई लागली, तर मात्र डॉक्टरांस दाखवावे. आणि डोके तासल्याने केस दाट येतात ही समजूत खोटी आहे. मूळ कातडीच्या आत असते, वस्तरा तेथवर पोहोचत नाही.

गुरूंचे पुढील आयुष्य युद्धांत गेले. १७०४ साली चमकौरच्या गढीत अजितसिंह व जुझारसिंह हे दोन पुत्र पडले, आणि त्याच सुमारास सरहिंद येथे जोरावरसिंह व फत्तेसिंह या दोन लहानग्यांस ठार मारण्यात आले. एका महिन्यात चारही मुले गेली. १७०८ साली बादशहा बहादुरशहा दक्षिणेत उतरला तेव्हा गुरुही या बाजूस आले आणि नांदेडास राहिले. येथेच माधोदास नावाच्या बैराग्यास त्यांनी दीक्षा दिली. तोच पुढे बंदासिंह बहादुर म्हणून गाजला. येथेच एका पठाणाने त्यांच्यावर कट्यारीने वार केला. जखम शिवली होती, भरूनही येत होती. परंतु एक भारी धनुष्य ओढताना ती पुन्हा उघडली, असे सांगतात. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंनी देह ठेविला. तत्पूर्वी त्यांनी आपल्या मागे गुरुपद कोणा माणसास न देता ग्रंथसाहेबास दिले. त्या जागी आज दिसणारे मंदिर महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविले.

साहिबचंद, दीक्षेनंतरचे साहिबसिंह, हे चमकौरासच पडले. त्यांचे बिदर नांदेडाहून फार लांब नाही. गुरु या मुलुखात आले तेव्हा ते सोबत नव्हते.