घर का सोडायचे? धर्मानंद कोसंबींनी स्वतःला विचारलेला प्रश्न

नेवासा म्हटले की प्रवरेचा काठ, पैस खांब आणि शके 1212 म्हणजे 1290 साली सांगितलेली ज्ञानेश्वरी आठवते. या कथेच्या मागे घर सोडलेला एक माणूस उभा आहे. परंपरा सांगते की ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत पत्नीला मागे ठेवून काशीला गेले, संन्यासी झाले आणि गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले. धर्मपंडितांनी त्या कुटुंबाला वाळीत टाकले. संन्याशाचे परतणे शास्त्रात बसते का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. हा माणूस गेला कशासाठी आणि मागे राहिलेल्या पत्नीने काय सोसले, हे त्यांनी विचारले नाही.

सुमारे सहाशे वर्षांनी गोव्याचा एक तरुण असाच घर सोडून काशीला पोहोचला. पुढे भिक्खू झाला आणि तोही संसारात परतला. फरक एवढाच की त्याने तो प्रश्न स्वतःलाच विचारला. ते आचार्य धर्मानंद कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी साखवाळ गावी, सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. शिक्षण जेमतेम, लग्न लहान वयात, आणि अंगावर नारळीच्या बागांचे काम. मन कशातच लागेना. 1897 मध्ये ‘बालबोध’ मासिकात त्यांनी तथागतांचे चरित्र वाचले आणि मनाला दिशा मिळाली. 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले, तेव्हा त्यांची पहिली मुलगी अगदी तान्ही होती.

आपल्याला येथे राहुलाची आठवण होते. पण तुलना करून त्यांना मोठे ठरवण्याची घाई आपण करू नये. धर्मानंदांनीही ती केली नाही. 1924 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात संसाराचा वीट, आपली निराशा, आपली चंचलता हे सारे त्यांनी मोकळेपणाने मांडले. ज्ञानाची ओढ खरी होती आणि जबाबदारीपासून पळणेही खरे होते.

पुण्यात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धधम्माच्या शोधात नेपाळला गेले, तिथे निराशाच पदरी आली. 1902 मध्ये ते श्रीलंकेला पोहोचले आणि विद्योदय परिवेणात श्रामणेर होऊन पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी भिक्खूची दीक्षा घेतली.

हवे ते जीवन मिळाले होते. तिथेच थांबता आले असते. पण आपण मिळवलेले ज्ञान आपल्या लोकांपर्यंत कसे जाणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. 1906 मध्ये त्यांनी चीवर उतरवले आणि सुमारे सात वर्षांनी ते कुटुंबाला भेटले. कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवण्याची नोकरी मिळाली होती. महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून त्यांनी ती सोडली आणि सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले महिना 50 रुपये स्वीकारले. हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचे काम केले. 1912 पासून फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवले. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. मुंबईत परळला कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला त्यांचे निधन झाले.

या सगळ्याची किंमत त्यांच्या पत्नी बाळाबाई यांनीही मोजली. एकटीने मुलगी वाढवण्याची ती वर्षे कोणत्याही विद्वत्तेने भरून येत नाहीत. धर्मानंदांचा आदर करताना हे आपण लपवायचे कारण नाही.

ज्याने आपला हेतू तपासला, त्याने तथागतांचे गृहत्यागाचे कारणही तपासले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ रात्री गुपचूप निघून गेले, ही कथा कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मान्य केली नाही. पाली सुत्तांच्या आधारे त्यांनी दाखवले की माणसामाणसांतील कलह आणि शस्त्रांचे भय पाहून सिद्धार्थ उद्विग्न झाले होते, आणि आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत ते निघाले. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या परिचयात पहिला प्रश्न हाच ठेवला: बुद्धांनी परिव्रज्या का घेतली? त्यांचे उत्तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या संघर्षापाशी जाते. म्हणजे गृहत्याग हा जगाकडे पाठ फिरवणे नव्हते. जगाच्या दुःखाचे कारण शोधायला निघणे होते.

आज आपल्यातील कितीतरी तरुणांना वेगळे जीवन हवे आहे. कोणी श्रामणेर शिबिरानंतर चीवर कायम ठेवायचे म्हणतो, कोणी नोकरी सोडून पूर्णवेळ चळवळीत उतरू पाहतो, कोणाला फक्त गाव सोडायचे असते. जातीच्या जाचातून बाहेर पडावेसे वाटणे यात पळपुटेपणा नाही, तो आपला हक्क आहे. पण ओढ कितीही खरी असली तरी तिच्यात राग, कंटाळा आणि मोठेपणाची हौस मिसळलेली असू शकते. हेतू शंभर टक्के शुद्ध होईपर्यंत थांबायचे म्हटले तर कोणीच उंबरठा ओलांडणार नाही. धर्मानंदही तसे थांबले नाहीत. चालता चालता ते हेतू तपासत राहिले, आणि चीवरात राहून काम होत नाही असे दिसले तेव्हा ते उतरवायलाही कचरले नाहीत.

म्हणून निघण्याआधी आपण दोन प्रश्न मनाशी धरू: हे मी कोणासाठी करतो आहे, आणि याचा भार घरात कोणाच्या खांद्यावर पडणार आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या त्या माणसाशी बोलूनच मिळेल.